अक्कांची उष्टी कॉफी

"हे माझे यजमान, गोविंदराव. यांस स्किझोफ्रेनिया आहे. कॉफी घेतेस ना?"

जानकीअक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. एका दमात, एकाच सुरात. त्यातलं काय महत्त्वाचं आणि काय साधं, हे ऐकणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. आमच्या ह्यांची रेल्वेत मद्रासला बदली झाली होती आणि मैलापूरच्या देवळाच्या तळ्यामागे एका गल्लीत या लोकांच्या घराचा पुढचा भाग, तिकडच्या भाषेत 'पोर्शन', भाड्याने मिळतो का हे बघायला आम्ही दोघं गेलो होतो. गोविंदराव कोपऱ्यात आरामखुर्चीवर बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, भरपूर विभूती, हातांना बारीक कंप. बायकोने आपला हुद्दा सांगावा तसे त्यांनी मान हलवून नमस्कार केला.

मला तो शब्द कळलाच नाही. पदवी असावी असं वाटून मी कौतुकाने मान डोलावली. ह्यांना मात्र कळला होता, कारण त्यांचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं. बाहेर पडल्यावर गल्लीच्या तोंडाशी ते म्हणाले, "वेड. वेडाला इंग्रजीत म्हणतात." मी आत कॉफीचा एक घोट घेऊन टंबलर तसाच ठेवून आले होते, ते किती बरं केलं असं वाटलं.

मी मुळातच धसका घेणारी बाई. त्यातून माझ्या आजोळी माझी एक मावशी होती. तिला असंच काहीतरी होतं. काय होतं ते मला आजही ठाऊक नाही, कारण आमच्या घरात त्याला नाव नव्हतं. पाहुणे आले की मावशीला मागच्या खोलीत घालून कडी लावत आणि "ती कऱ्हाडला गेलीय" असं सांगत. मावशी आत भिंतीवर थापा मारायची आणि सगळेजण आवाज चढवून बोलायचे. असल्या घरातून आलेल्या मुलीसमोर एक बाई नवऱ्याची ओळख करून देताना कॉफीच्या आधी वेडाचं नाव घेते, म्हटल्यावर माझं काय झालं असेल!

तरी आम्ही तिथेच राहायला गेलो. अख्ख्या मद्रासेत मला कळेल असं बोलणारं ते एकच घर होतं. कळेल म्हणजे निम्मं. त्यांचे पूर्वज तंजावरला गेले भोसल्यांच्या काळात, आणि मराठीही तेव्हाचीच घेऊन गेले. 'मज', 'तुज', 'काय म्हणून' असलं पोथीतलं मराठी, त्यावर तमिळची चढती चाल, आणि मधूनमधून 'अय्यो' आणि 'बरं' म्हणायला 'शरी'. पहिले काही दिवस मला सतत आपल्याला कोणी प्रश्न विचारतंय असं वाटायचं.

अक्का मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. बुटक्या, काटकुळ्या, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या आणि उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांत कायमचा खडू. बोलताना मनगटाने हवेत नद्या काढायची सवय होती. रस्त्यावरून चालल्या की अर्धी गल्ली "टीचर, टीचर" करून मागे लागायची, कारण दुखण्याखुपण्याचं अक्कांना विचारायचं असा तिथे रिवाज पडला होता. आणि अक्का औषध कधीच सांगत नसत. त्यांचा प्रश्न एकच असे.

"डॉक्टरनें नांव काय सांगितलं?"

बहुतेकांना नाव ठाऊक नसायचं. उष्णता आहे, अशक्तपणा आहे, ग्रह आहेत, एवढंच. मग अक्का त्या माणसाला परत पाठवायच्या. "जा. विचार. कागदावर लिहून आण. दुखणं तुझं, नांव तुज ठाऊक नको?" आमच्या गल्लीत एक गवळी म्हैस दारात आणून दूध काढून द्यायचा. त्याच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती. "गोड खाऊ नको" एवढंच त्याला इस्पितळात सांगितलं होतं. तो बिचारा श्रद्धेने मंगळवारी आणि शुक्रवारी गोड खात नसे. अक्कांनी त्याला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला तो चिठ्ठी घेऊन आला, तेव्हा त्याला ओट्यासमोर बसवून अक्कांनी दारातल्या रांगोळीच्या पिठाने जमिनीवर माणसाचं पोट काढलं, त्यात स्वादुपिंड काढलं आणि मधुमेह म्हणजे काय ते अर्धा तास तमिळमध्ये समजावलं. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई बाहेर आल्या. उंबऱ्यासमोर पहाटे कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, म्हणून आतडी काढलेली पाहून त्यांनी "रामा रामा" म्हणत घागरभर पाणी ओतलं. गवळ्याने तोवर बघून घेतलं होतं. पुढे तो दुधाच्या भांड्याबरोबर आपली चिठ्ठीही जवळ बाळगायचा आणि कुणी विचारो न विचारो, वाचून दाखवायला लावायचा.

सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. अव्वांचं आणि अक्कांचं जन्माचं भांडण याच एका गोष्टीवरून होतं. गोविंदराव अव्वांचा थोरला मुलगा. धाकटा सेतुराव बंगळूरला बँकेत. "घरचं दुखणं काय म्हणून ओट्यावर मांडतीस?" असं अव्वा आतून म्हणायच्या आणि पितळेचं काहीतरी आपटायच्या. अक्का पाहुण्यासमोर कॉफी ठेवत.

आता त्या कॉफीबद्दल. तिथे कॉफी टंबलरमधून पितात, म्हणजे काठ बाहेर वळलेल्या पितळी पेल्यातून, आणि खाली खोलगट वाटीसारखा डवरा असतो. तोंड लावायचं नाही. मान मागे करून वरून घशात सोडायची. उष्ट्याचा विटाळ त्या घरात इतका कडक की मी एकदा विसरून टंबलरला ओठ लावला तर अव्वांनी तो टंबलर तीन दिवस चिंचेने घासला. बायको नवऱ्याच्या पानावर जेवायची, ते चालायचं, तो धर्म. पण उलटं? ते कुणाच्या स्वप्नातही यायचं नाही.

आणि त्या घरात मी काय पाहिलं, तर रोज दुपारी चारला, शाळेतून आल्यावर, अक्का गोविंदरावांसमोर पाटावर बसायच्या. एका बशीत गोळी उघडी ठेवायच्या. मोठ्याने सांगायच्या, "ही आजची गोळी. डोक्यांतले आवाज कमी व्हायची. जीभ सुकेल, झोप येईल." मग कॉफी डवऱ्यातून टंबलरमध्ये, टंबलरमधून डवऱ्यात हातभर उंचीवरून ओतून फेसाळ करायच्या आणि टंबलरला सरळ ओठ लावून एक घोट घ्यायच्या. घोट गिळून दाखवायच्या. मग तोच टंबलर नवऱ्याच्या हातात द्यायच्या. गोविंदराव गोळी तोंडात टाकायचे आणि बायकोची उष्टी कॉफी अगदी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली पापडाची ताटली पडली. अव्वा देवघरात तोंड भिंतीकडे करून बसल्या होत्या. नंतर कळलं, त्या रोज चारला तशाच बसतात.

याचा उलगडा पुढे वर्षाभराने झाला. एका रविवारी अक्का मागच्या अंगणात कॉफीच्या बिया भाजत होत्या आणि मी त्यांना दळायला मदत करत होते. त्यांनी ती हकीकत सांगितली तीही भूगोल शिकवावा तशी.

गोविंदरावांचं दुखणं सुरू झालं ते कॉफीपासूनच. ऑफिसातून आले आणि म्हणाले, यात विष आहे. मग पंखा बोलायला लागला. मग शेजारच्या घरातले लोक भिंतीतून त्यांचे विचार चोरायला लागले. अव्वांनी मंत्रवाले आणले, त्रिचीकडच्या एका देवळात अठ्ठेचाळीस दिवस ठेवलं, अंगावर घागरी ओतल्या. शेवटी इस्पितळ झालं. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी अक्कांना दुखण्याचं नाव सांगितलं आणि नव्यानेच आलेल्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. घरी आल्यावर गोविंदराव गोळी घेईनात. मग घरातल्यांनी, सेतुरावांच्या सल्ल्याने, ठरवलं, गोळी कुटायची आणि कॉफीत घालायची. कडू लागली तरी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, त्याहून कडू. कुटायचं काम अक्कांकडे आलं.

"ते म्हणायचे, कॉफींत कांहीं घालतां तुम्ही. माझी जीभ बधिर होते," अक्का म्हणाल्या. "आणि मी म्हणायची, छे, तुमचा भ्रम. डॉक्टर म्हणतात, हा रोगाचाच भाग. सुमती, तुज कळतंय? आम्ही खरोखर घालत होतों. आणि जीभ खरोखर बधिर होत होती."

मी दळायची थांबले. अक्का भाजत राहिल्या.

एक दिवस दुपारच्या कॉफीला गोविंदरावांनी टंबलर त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, "हें तूं पी. मग मी पितों." अक्कांनीच कुटून घातलेली गोळी. अव्वा दारात उभ्या. सेतुराव त्या दिवशी आलेले, तेही बघताहेत. नाही म्हटलं तर संपलं, परत हा माणूस त्यांच्या हातचं पाणीही घेणार नाही.

"मग?"

"मग काय, प्याले. अवघी प्याले. आणि दुसऱ्या दिवशी दहापर्यंत निजले. माझी शाळा बुडाली, जन्मांत पहिल्यांदा."

जाग आली तेव्हा गोविंदराव उशाशी बसून पंख्याने वारा घालत होते. भयाने चेहरा पांढरा पडला होता. त्यांना वाटलं, बायको आपल्याऐवजी विष पिऊन मेली. डोळे उघडलेले पाहून ते म्हणाले, "होतं ना त्यांत?"

"मी म्हटलं, होतं. मीच घातलं. औषध होतं, विष नव्हतं. पण घातलं होतं आणि तुम्हांस खोटं सांगितलं. तुमचं खरं होतं." एवढं सांगून अक्कांनी कढई खाली उतरवली. "ते केवढे रडले म्हणून सांगूं! तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांस म्हटलं होतं, तुमचं खरं. मग मी डॉक्टरची चिठ्ठी काढून त्यांच्या हातीं दिली. हें तुमच्या दुखण्याचं नांव. पंखा बोलतो तें दुखणं. जीभ बधिर होते ती गोळी. दोन्ही वेगवेगळं. वाचा."

मला त्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक सुचला नाही. माझ्या डोळ्यांसमोरून मावशीची कडी हलेना. भिंतीवर थापा मारून ती काय सांगत असेल, आणि त्यातलं किती खरं असेल? मी घळाघळा रडले.

गोविंदरावांच्या ऑफिसातही अक्का अशाच गेल्या होत्या म्हणे. साहेबासमोर चिठ्ठी ठेवली आणि सांगितलं, यांचे हात कापतील, काम हळू होईल, गोळीमुळे उन्हात कातडी भाजते म्हणून छत्री घेऊन येतील. पंखा बोलला असं म्हणाले तर हसू नका आणि वादही घालू नका, "मज ऐकूं येत नाहीं" एवढंच सांगा. साहेब इतका गांगरला की 'हो' म्हणून बसला. गोविंदरावांना टपालाच्या टेबलावर पत्ते लिहायला बसवलं. त्यांचं अक्षर कापऱ्या हातांनीही सुंदर यायचं, एकेक अक्षराला वेळ घेत. आजारी असण्याचं त्यांना काही वाटत नसावं. वाईट दिवस यायचेच, तेव्हा ते दिवसभर छत्री उघडून घरात बसायचे, आणि अक्का जवळ बसून वह्या तपासायच्या. पण गोळी कधी चुकली नाही.

हे सगळं वाचून अक्का म्हणजे कोणी साध्वी होत्या असं वाटेल. तर तसं मुळीच नव्हतं. माणसाला कुठे, केव्हा सांगावं याचा पोच त्यांना नव्हता. माझ्यावरच तो प्रसंग आला.

लग्नाला चार वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. इस्पितळात तपासण्या चालू होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाई तमिळ आणि इंग्रजी बोलायच्या, म्हणून एकदा अक्का सोबत आल्या. बाईंनी त्यांच्याशी दोन मिनिटं बोलून कागद हातात दिला. आम्ही बाहेर आलो. जिन्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांची ही गर्दी. अक्का मधल्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "सुमती, तुझ्या गर्भाशयाची वाढच पुरी झाली नाहीं. तुज मूल होणार नाहीं. तुझ्या नवऱ्यास चार महिन्यांमागेंच सांगितलंय."

कुणीतरी माझा खांदा घासून वर गेलं. मला एवढंच आठवतं. अक्कांचा हात झिडकारून मी एकटी खाली उतरले, आली ती बस पकडली, कुठे उतरायचं ते न कळून अड्यारपर्यंत गेले आणि संध्याकाळी कशीबशी घरी आले. ह्यांनी सगळं कबूल केलं. "तुला धक्का बसेल म्हणून," म्हणाले. चार महिने हा माणूस मला 'हवापालट केला की होईल' म्हणून सांगत होता, आणि मी सोमवार करत होते.

दोन महिने मी अक्कांशी बोलले नाही. एकाच घरात, एकाच विहिरीवर. त्याही आल्या नाहीत. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की कॅलेंडरावर खुणा करायचं मी सोडून दिलंय, दर महिन्याचं ते रडणंही थांबलंय. मी उठून त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. अक्कांनी कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, "जिन्यावर सांगायचं नव्हतं. बसवून सांगायचं होतं. तें माझं चुकलं." सांगितलं हे चुकलं, असं म्हणाल्या नाहीत. मी अजूनही त्यांना जिन्याबद्दल पुरतं माफ केलेलं नाही. पण चार महिने नवऱ्याने गोंजारलं आणि या बाईने दोन वाक्यांत मला मोकळं केलं, हेही तितकंच खरं आहे.

साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हा अक्कांचं पोट दुखायला लागलं. आधी त्यांनी शाळा बुडवली नाही. मग जेवण तुटलं, नाकातल्या चमक्या मोठ्या दिसायला लागल्या इतका चेहरा वाळला. सेतुराव बंगळूरहून आले आणि त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. पोट उघडून डॉक्टरांनी परत शिवलं. कॅन्सर होता आणि फार पसरला होता. डॉक्टर सेतुरावांशी बोलले, सेतुराव आमच्या ह्यांच्याशी बोलले, आणि हे माझ्याशी. सगळ्यांनी मिळून ठरलं की अक्कांना सांगायचं नाही. त्यांनी धीर सोडला तर? गोविंदरावांना तर कळूच द्यायचं नाही, त्यांचं डोकं फिरेल. दोघांनाही 'अल्सर' म्हणून सांगायचं.

मीही 'हो' म्हटलं. त्या जिन्यावरून उतरलेली मी, मी 'हो' म्हटलं. आजही हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

अडचण अशी की अक्कांना मराठी यायची, तमिळ यायची, इंग्रजी यायची, कामापुरती तेलुगूही यायची. त्यांच्यापासून लपवायला आमच्याकडे भाषाच उरली नव्हती. म्हणून आम्ही अंगणात जाऊन कुजबुजायचो आणि आत येताना हसरे चेहरे करायचो. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी अक्कांनी विचारलं, "डॉक्टरनें नांव काय सांगितलं?"

"अल्सर, वहिनी," सेतुराव म्हणाले.

"कागदावर लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी सेतुरावांनी चिठ्ठी आणून दिली. अक्कांनी ती उजेडात धरली. तीस वर्षं वह्या तपासलेली बाई. धाकट्या दिराचं वळण त्यांना ओळखू आलं नसेल? त्यांनी चिठ्ठीची घडी केली, उशीखाली ठेवली आणि पुन्हा कधी, कुणालाही, काहीही विचारलं नाही. मी आयुष्यात खूप वेळा हबकले आहे, पण अक्कांनी नाव विचारायचं थांबवलं त्याइतकी नाही.

त्याच दिवसापासून त्या आमच्या हातचं काही घेईनात. मी पेज नेली की टंबलरमध्ये निरखून बघायच्या. "काय आहे यांत?" "पेज, अक्का." "बाकी?" "बाकी काही नाही." त्या टंबलर खाली ठेवायच्या. दुखणं थांबवायची औषधंही तोंडातून काढून पदरात गुंडाळायच्या. वेदनांनी ओठ चावून काळेनिळे झाले होते, आणि आमच्या हातचं औषध घेत नव्हत्या. अव्वा आता ऐंशीच्या घरात, त्या उंबऱ्यावर बसून कपाळ बडवायच्या. "पोरीस उपाशी मारूं नका रे," म्हणायच्या. एके काळी कॉफीत गोळी कुटून घालायला लावणाऱ्या सेतुरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पेजेत मिसळूं या का औषध?" मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

या सगळ्यात गोविंदराव कुठे होते? खरं सांगायचं तर आम्ही त्यांना धरलंच नव्हतं. ते आपले कोपऱ्यातल्या खुर्चीवर. चारची गोळी आता मी बशीत ठेवायचे, ते मुकाट्याने पाण्याबरोबर घ्यायचे. एका सोमवारी सकाळी ते छत्री घेऊन बाहेर पडले ते दुपारपर्यंत आले नाहीत. सेतुराव तळ्याकाठी, बसच्या थांब्यावर, सगळीकडे शोधून आले. आम्हाला वाटलं, झालं, आता यांचंही डोकं फिरलं.

तीनच्या सुमाराला ते आले. घामाने निथळत होते, मानेची कातडी लालबुंद झाली होती. दोन बसेस बदलून एकटे इस्पितळात गेले होते. डॉक्टरांच्या दारात रांगेत उभे राहिले आणि आत जाऊन म्हणाले, मी जानकीचा नवरा, तिच्या दुखण्याचं नाव लिहून द्या. डॉक्टरांना काय ठाऊक यांच्यापासून लपवायचं आहे ते! त्यांनी लिहून दिलं.

हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा ते कुणाशी न बोलता सरळ आत गेले. अक्कांच्या पाठीशी उशी लावून त्यांना नीट बसतं केलं. समोर पाट मांडून बसले. मग कापऱ्या हाताने खिशातून कागद काढला आणि बायकोच्या हातात दिला.

"जानकी," ते म्हणाले, "तुज कॅन्सर आहे. पोटांतला. पसरलाय. डॉक्टर म्हणाला, बरा होणार नाहीं. दुखणं कमी व्हायचं औषध आहे, तें घ्यायचं."

"अरे, वेडा आहेस काय!" सेतुराव ओरडले.

त्या घरात इतक्या वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. सेतुरावांनीच तोंडावर हात ठेवला. अव्वांचं रडणंही थबकलं. गोविंदरावांनी भावाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "होय. मज ठाऊक आहे. तिनेंच सांगितलं होतं."

अक्का कागद वाचत होत्या. दोनदा वाचला. मग आमच्याकडे, एकेकाकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, "हें खऱ्या डॉक्टरचं अक्षर," आणि रडायला लागल्या. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं. बराच वेळ रडल्या आणि गोविंदराव नुसते समोर बसून राहिले. मग ते मला म्हणाले, "सुमती, कॉफी. गोळी वेगळी आण, बशींत."

मी धावत जाऊन कॉफी केली. त्यांनी ती डवऱ्यातून टंबलरमध्ये ओतली, हात कापत असल्यामुळे निम्मी पाटावर सांडली. "ही आजची गोळी," ते म्हणाले. "दुखणं कमी व्हायची. झोप येईल." मग टंबलरला ओठ लावून त्यांनी एक घोट घेतला, गिळून दाखवला आणि टंबलर बायकोच्या हातात दिला. अक्कांनी गोळी घेतली आणि उरलेली कॉफी प्याली.

मी देवघराकडे पाहिलं. घड्याळात चार वाजत होते आणि अव्वा त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसल्या नव्हत्या. त्या बघत होत्या.

त्यानंतर अक्का तीनेक महिने होत्या म्हणे. मी शेवटपर्यंत नव्हते. आमची बदली भुसावळला झाली आणि महिन्याभरातच आम्हाला निघावं लागलं. निघायच्या दिवशी सामान हातगाडीवर चढत होतं. ओट्यावर सावलीला अक्का उशांना टेकून बसल्या होत्या, अंगावर काही उरलं नव्हतं, पण मांडीवर मुलींच्या वह्या होत्या. गोविंदरावांनी त्यांच्यावर छत्री धरली होती. तेवढ्यात आमचा पोर्शन बघायला एक नवं जोडपं आलं. बायको असेल वीस-बावीसची, हातात नवा चुडा. तिने वाकून अक्कांना नमस्कार केला.

गोविंदराव छत्री सांभाळत उठले. एरवी पाहुण्यांशी एक शब्द न बोलणारा माणूस.

"ही माझी बायको, जानकी," ते म्हणाले. "हिला कॅन्सर आहे. मज स्किझोफ्रेनिया. कॉफी घेणार ना?"

अक्कांनी वहीतून मान वर केली आणि हसल्या. त्या मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. गाडीवाला हाका मारत होता. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "घ्या. इथली कॉफी चांगली असते."